वारल्यावर तीन महिन्यांनी मृत्युपत्र? तारखांचा घोळ असा सुटला

जावयांचं घराणं १६२० ला मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या जॉन हाउलंडपर्यंत जातं, नातीसाठी ती वंशावळ नीट लावायला घेतली आणि एका जागी अडकलो. प्लिमथ कॉलनीच्या, म्हणजे त्या लोकांनी तिथे वसवलेल्या वसाहतीच्या नोंदीत हाउलंड वारले २३ फेब्रुवारी १६७२ ला, आणि मृत्युपत्रावर तारीख २९ मे १६७२! मुलाचं नावही जॉनच, म्हणून ते मुलाचं असेल असं घरात कुणीतरी म्हणालं, पण त्यात बायको एलिझाबेथ आहे आणि मुलाची बायको मेरी, मग ते कसं जमणार.

उत्तर कॅलेंडरमधे होतं. इंग्रजांचं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे १६७२ चा फेब्रुवारी मे नंतर येतो, आपल्या हिशेबाने तो १६७३. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आपल्याला हे लगेच पटतं. आता १ जानेवारी ते २४ मार्चच्या सगळ्या जुन्या तारखा मी १६७२/७३ अशा लिहितो, तुम्हीही तसंच करा, खूप त्रास वाचतो.

दुसरं म्हणजे घरातल्या जुन्या वहीत एलिझाबेथ ही वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याची मुलगी लिहिलेली. पूर्वी बरेच लोक तसंच मानायचे, पण त्याच वसाहतीचा नंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित १८५५ मधे लंडनच्या फुलहॅम पॅलेसमधे सापडलं त्यात ती जॉन टिलीची मुलगी असं स्पष्ट आहे. बिचारीचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेले. तिचा बाप्तिस्मा बेडफर्डशरच्या हेन्लो गावात १६०७ चा, आता तिच्या आईकडची हर्स्ट घराण्याची बाजू तिथूनच लावतोय.