नागपुरात पहिला वॉटर कूलिंग लूप बांधताय? या चुका टाळा

कॉम्प्युटर गार ठेवायला त्याच्यात पाणी फिरवणारा लूप (पंप आणि नळ्यांचं बंद चक्र) नागपुरात हिवाळ्यात बांधला, की पहिल्या दिवशी छानच वाटतो. खोली गार, पाणी गार, पंखे शांत. मग एप्रिल येतो, पंखे दिवसभर पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि लूप बिघडला की काय, अशी शंका येते. बहुतेक वेळा लूप ठणठणीत असतो. त्याचा हिशेब डिसेंबरच्या हवेवर केलेला असतो, एवढंच. पहिल्यांदा लूप बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: डिझाइन नवतप्यासाठी (मे-अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांसाठी) करा, हिवाळा आपोआप निभावतो.

लूपमधलं पाणी सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत (पाणी निववणाऱ्या, धातूच्या पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत) नेतं आणि तिथून ती खोलीच्या हवेत जाते. त्यामुळे पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. खोली २२ अंशांवर असताना पाणी ३२ अंशांना स्थिरावत असेल, तर तेच काम, तेच पंखे आणि ४० अंशांची खोली असताना ते ५० च्या आसपास जाईल. फरक तोच, १० अंशांचा. पण ५० अंशांचं पाणी म्हणजे धोक्याची हद्द जवळ आली. डी-फाइव्ह जातीच्या पंपांना साधारण ६० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. पीईटीजी प्लास्टिकची कडक ट्यूबही त्याच सुमारास मऊ पडायला लागते आणि फिटिंगमधली (ट्यूब जोडणाऱ्या तुकड्यातली) तिची पकड सैल होते. म्हणून कडक ट्यूबच हवी असेल तर इथे अ‍ॅक्रिलिक घ्या. पहिलाच लूप असेल तर मऊ ट्यूब सगळ्यात बरी, आणि त्यातही ईपीडीएम रबराची काळी ट्यूब. दिसायला साधी असते, पण स्वस्त पारदर्शक ट्यूबमधून जसा प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) पाझरून ब्लॉकमध्ये (चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या ठोकळ्यामध्ये) साचतो, तसा तिच्यातून साचत नाही.

रेडिएटरमध्ये कंजुषी

प्रत्येक गरम पार्टमागे १२० मिमीचा रेडिएटर आणि वर आणखी १२०, असा जुना ठोकताळा सांगितला जातो. हल्लीच्या ३०० वॅटच्या कार्डांपुढे तो अपुरा पडतो आणि विदर्भात तर फारच अपुरा. सीपीयू आणि असं मोठं कार्ड एकाच लूपमध्ये घालणार असाल, तर मी दोन ३६० मिमी रेडिएटरपेक्षा खाली उतरणार नाही. तेवढी जागा केसमध्ये (कॅबिनेटमध्ये) नसेल तर केस बदला, किंवा कार्ड हवेवर ठेवून फक्त सीपीयू पाण्यावर घ्या.

रेडिएटरमधल्या पात्यांची दाटीही बघा. एका इंचात ३० पाती असलेला रेडिएटर कागदावर जास्त उष्णता सोडतो, पण त्याला जोराचा पंखा लागतो आणि त्यात धूळ अडकते. सिमेंट रस्त्यांची कामं चालू असलेल्या वस्तीत राहत असाल तर हे वेगळं सांगायला नको. १६ च्या आसपास पाती असलेला रेडिएटर कमी वेगाच्या पंख्यावर नीट चालतो आणि ब्लोअरने सहज साफ होतो.

ऑर्डर देण्याआधी मोजमाप घ्या. ३० मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचा पंखा मिळून ५५ मिमी होतात. केसच्या छतापासून मदरबोर्डवरच्या हीटसिंकपर्यंत आणि रॅमच्या टोकापर्यंत तेवढी जागा आहे का, ते टेप लावून बघा. केसच्या माहितीपत्रकात ३६० बसतो असं लिहिलेलं असतं, उंच रॅम लावल्यावर बसतो का ते लिहिलेलं नसतं.

पंख्यांच्या स्क्रूकडेही लक्ष द्या. जास्त लांबीचा स्क्रू थेट रेडिएटरच्या पाण्याच्या नळीत घुसतो आणि नवा रेडिएटर बाद होतो. रेडिएटरसोबत आलेलेच स्क्रू वापरा आणि अडकल्यासारखं वाटलं की थांबा.

कूलर आणि कॉम्प्युटर

कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली चांगलीच उतरवतो, आणि खोली जेवढी उतरेल तेवढंच लूपचं पाणीही उतरतं. पण कूलरचं तोंड थेट केसवर नको. जोरात चालणारा कूलर बारीक तुषार उडवतो आणि ओलसर हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते. ब्लॉकवर दव जमेल ही भीती मात्र सोडून द्या. लूपचं पाणी नेहमी खोलीपेक्षा गरमच असतं, त्यामुळे बाहेरून ओल धरत नाही. कुठे थेंब दिसलाच तर ती गळती समजा.

पंख्यांचा वेग चुकीच्या तापमानावर

ही चूक जवळपास प्रत्येक पहिल्या लूपमध्ये दिसते. पंखे सीपीयूच्या तापमानाला बांधलेले असतात. ब्राउझर उघडला की सीपीयू क्षणभर उसळतो, पंखे ओरडतात, पुन्हा शांत होतात. पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून पंखे पाण्याच्या तापमानावर चालवायचे. १० किलोओहमचा तापमान-सेन्सर असलेलं फिटिंग लूपमध्ये बसवा आणि मदरबोर्डवरच्या सेन्सरच्या पिनांना जोडा. तशा पिना नसतील तर वेगळा कंट्रोलर घ्या. पैसे चमकदार फिटिंगांवर घालण्यापेक्षा या सेन्सरवर घाला.

आता नागपूरची खरी अडचण. पाणी ३५ अंशांवर गेलं की पंखे पूर्ण वेगाने, अशी सेटिंग डिसेंबरमध्ये ठीक वाटते. मेमध्ये खोलीच ३८ वर असते, मग पंख्यांना दुसरा वेगच उरत नाही. खोलीचा आणि पाण्याचा असे दोन सेन्सर लावून त्यांतल्या फरकावर पंखे चालवता आले तर उत्तम. ते जमत नसेल तर उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं असे दोन प्रोफाइल ठेवा.

हाच फरक बिघाड शोधायलाही कामाला येतो. गेम किंवा रेंडर अर्धा-पाऊण तास चालू द्या, पाणी स्थिरावलं की खोलीचं, पाण्याचं आणि चिपचं अशी तीन तापमानं लिहून घ्या. पाणी खोलीपेक्षा १० अंशांच्या आत आहे, तरी सीपीयू भाजतोय? मग रेडिएटरला दोष देऊ नका. ब्लॉक नीट बसलेला नाही, चिप आणि ब्लॉकमधली पेस्ट कमी पडली आहे, ब्लॉकवरची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहिली आहे, ब्लॉकचे इन आणि आउट उलटे जोडले आहेत किंवा ब्लॉकच्या बारीक खाचा तुंबल्या आहेत. उलट पाणीच खोलीपेक्षा १८-२० अंशांनी वर असेल, तर गडबड हवेच्या बाजूला आहे: धूळ, उलटा लावलेला पंखा, समोरच्या रेडिएटरची गरम हवा पिणारा वरचा रेडिएटर, किंवा मुळातच छोटा रेडिएटर. आणि फरक हिवाळ्याएवढाच असेल तर काहीही उघडू नका. लूप चांगला आहे, बाहेर मे महिना आहे.

कोणता पार्ट आधी, कोणता नंतर, यावर मात्र डोकं शिणवू नका. मिनिटाला १ लिटर वाहणारं पाणी १ अंशाने तापायला सुमारे ७० वॅट लागतात. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ३०० वॅटचं कार्ड ते जेमतेम १ अंशाने तापवतं. म्हणून ट्यूब जिथून सोपी जाईल तिथून न्या. नियम एकच: रिझर्व्हॉयर (लूपची पाण्याची टाकी) पंपाच्या आधी आणि त्याच्या वर.

पाणी आणि धातू

महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी पिण्यासाठी असतं, लूपसाठी नाही. बोअरचं तर अजिबात नको, क्षार ब्लॉकच्या खाचांत जाऊन बसतात. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात आणि काही यंत्रं चवीसाठी वरून घालतात. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणणार असाल तर सीलबंद बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलंय का ते वाचा, आणि शेजारीच ठेवलेला बॅटरीचा अ‍ॅसिड चुकूनही उचलू नका. नुसतं डिस्टिल्ड पाणी घातलं तर काही महिन्यांत शेवाळ धरतं, सोबत बायोसाइड (शेवाळ मारणारं औषध) आणि गंजरोधक लागतं. पहिल्या लूपला तयार पारदर्शक कूलंट घेणं सगळ्यात सोपं. दुधी, अपारदर्शक रंगाचे कूलंट फोटोत देखणे दिसतात, पण त्यांतले कण खाली बसून ब्लॉक तुंबवतात.

लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेल चालतात. अ‍ॅल्युमिनियमचा एकही पार्ट त्यांच्यात मिसळू नका. पाण्यातून दोन्ही धातूंचा संबंध आला की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं. स्वस्तात मिळणारा रेडिएटर घेताना धातू नक्की विचारा. नवा तांब्याचा रेडिएटरसुद्धा गरम डिस्टिल्ड पाणी भरून, हलवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. आत डाखकामाचा फ्लक्स राहिलेला असतो.

फिटिंग आणि गळती

लूपची फिटिंग जी १/४ आट्यांची असतात आणि गळती अडवते ती ओ-रिंग. टेफ्लॉन टेप गुंडाळली तर ओ-रिंग नीट बसतच नाही. हाताने घट्ट करा, अगदीच थोडं पुढे, बस. पाना लावून जोर केला तर अ‍ॅक्रिलिकच्या ब्लॉकला तडा जातो. ट्यूबची आतली आणि बाहेरची अशी दोन्ही मापं फिटिंगशी जुळायला हवीत. १०/१६ ची ट्यूब १०/१३ च्या फिटिंगमध्ये बसत नाही. रॅम, एसएमपीएस बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात उभ्याउभ्या मिळतात, ही फिटिंग बहुधा ऑनलाइनच मागवावी लागतात. एक फिटिंग कमी पडलं तरी काम अडतं, म्हणून दोन-तीन जास्तीची मागवा.

पाणी भरताना फक्त पंपाला वीज द्या. मदरबोर्डच्या, प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या सगळ्या केबल काढून ठेवा आणि एसएमपीएसच्या २४ पिनच्या कनेक्टरला तयार जंपर प्लग (मदरबोर्डशिवाय एसएमपीएस चालू करणारा) लावा. रिझर्व्हॉयर भरा, पंप काही सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद करा, पुन्हा भरा. पंप कोरडा फिरला की त्याचं बेअरिंग जातं. हवेचे बुडबुडे काढायला केस चारी बाजूंनी हळूहळू तिरपी करा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर पंप चालू ठेवा आणि सकाळी टिश्यू बघा.

सगळं जोडल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंपाचा वेग एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा. तापमान कमी असताना काही बोर्ड पंख्याचा हेडर (पंख्याची केबल जोडायच्या पिना) अगदी बंद करतात, आणि त्याच हेडरवर पंप असेल तर पाणी थांबतं.

आणि निचऱ्याची सोय आजच करा. लूपच्या सगळ्यात खालच्या जागी टी-फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वर्षाने कूलंट बदलताना ट्यूब ओढून काढावी लागते आणि पाणी ग्राफिक्स कार्डावर सांडतं. कूलंट बदलण्याचं काम फेब्रुवारीत उरका, त्याच दिवशी रेडिएटरही ब्लोअरने झाडून घ्या. व्हॉल्व्ह उघडण्याआधी रिझर्व्हॉयरचं वरचं झाकण सैल करा, हवा आत गेल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही.