कॅन्सरचे उपचार संपल्यावर या चुका टाळा

शेवटची केमो झाली किंवा रेडिएशनचा शेवटचा शेक घेऊन माणूस घरी आला, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सुटलो एकदाचे, आता तो विषय नको. दुसरा त्या माणसाला पाण्याचा ग्लासही स्वतः उचलू देत नाही. दोघांच्याही मनात माया असते, पण नुकसान दोघांमुळेही होतं. उपचार सोसलेल्या शरीराची पुढे अनेक वर्षं वेगळी काळजी घ्यावी लागते, आणि ती कोणत्या उपचारानंतर कोणती, हे घरात कुणालातरी नीट माहीत असावं लागतं.

"नुसती सुपारी घे, काही होत नाही"

नागपुरात सगळ्यात आधी हेच लिहायला हवं. तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस घाबरून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, सोडतो. काही महिने जातात, जखम भरते, जेवण सुरू होतं. मग एखाद्या लग्नात किंवा पानठेल्यावर जुना मित्र म्हणतो, तंबाखू नको टाकू, नुसती सुपारी चघळ. यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच काढला आहे. गोड सुपारी, मसाला सुपारी, पानमसाला, सगळं त्यातच आलं.

ऑपरेशनमध्ये गाठ निघते, पण वर्षानुवर्षं खर्रा सोसलेलं गालाचं आतलं आवरण तेच राहतं. म्हणून जुना आजार उलटला नाही तरी शेजारी नवा कॅन्सर उगवू शकतो. तलब अनावर झाली तर ती काही मिनिटांत ओसरते हे लक्षात ठेवा. तेवढा वेळ घोट घोट पाणी प्या, जागा बदला, कुणाशी तरी बोला. १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. घरातल्या बाकीच्यांनीही खर्र्याची पन्नी घरात आणू नये. बाप उपचार घेऊन आलाय आणि मुलगा त्याच्यासमोर खर्रा घोटतोय, हे बघवत नाही.

दारूचंही तसंच. तोंड, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि स्तन या सगळ्यांच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे.

जबडा आणि दात विसरणं

तोंडाला किंवा मानेला शेक घेतलेल्यांच्या जबड्याचे स्नायू हळूहळू आखडतात. वरण-भात जातोय ना, मग झालं, असं म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम सुटतो, आणि वर्षभराने चमचाही आत जात नाही. सर्वसाधारणपणे स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून तोंडात जायला हवीत. जात नसतील तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून, एकेक वाढवत तोंड उघडायला अनेक ठिकाणी शिकवतात. शेक संपल्यावरही महिनोन्महिने हे रोज करायचं असतं.

दाताची चूक याहून महागात पडते. दाढ ठणकली म्हणून जवळच्या दवाखान्यात जाऊन ती काढून घेऊ नका. शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात काढल्यावर जखम भरत नाही, हाड उघडं पडून सडू शकतं, आणि हा धोका दहा वर्षांनीही असतो. डेंटिस्टला आधी सांगा की शेक झालाय, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नका. लाळ कमी झाल्याने कीडही लवकर लागते, म्हणून फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ठरलेली दंततपासणी हवीच.

मानेला शेक झाला असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणीही करा. अंगात त्राण नाही, वजन वाढतंय, थंडी वाजते, याला लोक अशक्तपणा समजतात, आणि मूळ कारण अनेकदा मंदावलेली थायरॉइड असते.

पलंग न सोडणं

उपचारानंतरचा थकवा झोपून जात नाही. उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. त्यावर सर्वांत चांगला पुरावा चालण्याफिरण्याचा आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निकाल २०२५ मध्ये आले. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. एखाद्या औषधाने एवढा फरक पडला असता तर आपण कर्ज काढून ते आणलं असतं.

सुरुवात अंगणात दहा मिनिटांची चालेल. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. फुटाळा, अंबाझरी, महाराजबाग, जे जवळ असेल ते. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायामही करा. हाडात आजार गेला असेल किंवा हृदयावर परिणाम करणारी केमो झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी लवकर चाला. काही केमोंनंतर तळपायांना मुंग्या येतात, संवेदना कमी होते. असा माणूस दुपारी गच्चीवर अनवाणी गेला तर पाय भाजल्याचं त्याला कळतही नाही. पापड-कुरडया वाळवायला जाताना चप्पल घाला आणि रात्री तळपाय बघायची सवय लावा. शेक झालेली त्वचा दुपट्ट्याने झाका. पोटावर मलाची पिशवी असलेल्यांनी, विशेषतः ती लहान आतड्याला जोडलेली असेल तर, उन्हाळ्यात ओआरएस जवळ ठेवावं, कारण त्यांच्या शरीरातलं पाणी आणि मीठ फार लवकर कमी होतं.

काढे आणि पथ्यं

साखर पूर्ण बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, हे खरं नाही. गोड कमी खाणं वजनासाठी चांगलं. पण भात, फळं, दूध सगळंच बंद करून बारीक झालेलं शरीर आणखी खंगवू नका. प्रोटीन हवं: तुरीचं घट्ट वरण, झुणका, उसळ, दही, अंडी, मासे. सावजीची झणझणीत तर्री तोंडातली सालं गेलेल्यांना सोसत नाही, त्यांनी थांबावं.

काढ्यांबाबत मात्र कडक राहा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच-दहा वर्षं चालतात. त्या आपल्या मनाने बंद करणं, किंवा सोबत हळदीच्या कॅप्सूल सुरू करणं, दोन्ही धोक्याचं. घेत असलेली प्रत्येक पुडी डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

फाइल आणि फेऱ्या

बरं वाटतंय म्हणून फॉलोअपची तारीख चुकवणं फार सर्रास होतं. गडचिरोली, बालाघाटहून येणाऱ्यांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी मला कळते. तरीही पहिली दोन-तीन वर्षं खरंच महत्त्वाची, कारण बऱ्याच कॅन्सरमध्ये आजार उलटण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, केमोच्या औषधांची नावं, शेकाचा एकूण डोस, सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात झोप उडणं, चिडचिड होणं हे बहुतेकांना होतं. "तू कशाला विचार करतोस" असं म्हणून त्याला गप्प करू नका, बोलू द्या. महिनाभर मन उदास राहिलं तर समुपदेशकाकडे न्या.

आणि पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायची लक्षणं अशी: दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, नवी गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, विनाकारण घटणारं वजन, रात्री जागवणारं हाडाचं दुखणं. स्तनाच्या ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजून लाल झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी.