जुन्या फोटोचा धूसर स्कॅन? आधी मूळ फोटो शोधा

व्हॉट्सॲपवर आलेल्या धूसर स्कॅनशी झटापट करण्याआधी मूळ फोटो कुणाकडे आहे ते विचारा. परभणीच्या काकूंच्या ट्रंकेत निघाला, तर 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) पुन्हा स्कॅन करून घ्या. दोन इंच रुंदीचा फोटो 150 डीपीआयला जेमतेम 300 पिक्सेल देतो, 600 ला 1200. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं साल तिथेच सापडतं. आणि फाईल 'डॉक्युमेंट' म्हणूनच मागवा, कारण फोटो म्हणून पाठवली की तपशील गळतो.

मूळ हरवलंच असेल, तर स्कॅनची प्रत काढून तिच्यावर काम करा. 'गिंप' या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी दाणे आणि चौकोनी डाग थोडे कमी करा, मग आकार दुप्पट करा, मग त्यातल्या 'कर्व्ह्ज' या उजेड कमी-जास्त करायच्या साधनाने काळपट भाग हळूच उजळा. सावलीत दडलेले फेट्याचे पीळ, लुगड्याचे काठ इथेच वर येतात. शार्पन (कडा ठळक करणं) शेवटी, तेही बेतानं; नाहीतर कडांना पांढरी रेघ येते.

एआयचं काय? कपडे, भिंत, लाकडी खुर्ची यांना चालेल. पण लग्नाच्या ग्रुप फोटोत चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा असेल, तर ते डोळे-नाक मनानंच बसवतं. फोटो झकास दिसतो, आजोबा मात्र भलतेच! अशा प्रतीच्या नावात 'एआय' लिहून ती वेगळी ठेवा.