रिव्हॉल्वर मिस मारतंय? आधी प्रायमर बघा, स्प्रिंग नंतर

जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी इथल्यांना सांगायला नको, आणि नेमकं याच दिवसात कोणीतरी विचारतं की दादा रिव्हॉल्वर मिस मारतंय, घोडा (मागचा ठोका मारणारा हातोडा) पडतो, टक् आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. इथल्या लश्कर भागातल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत आजोबांच्या वेळचं लायसन्सचं .३२ बोरचं रिव्हॉल्वर अजून आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी मिस झालं त्या क्षणाचं बोलू. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट चापावरून काढा आणि मनात ३० आकडे मोजा. कधीकधी बारूद उशिरा पेटतं. आणि रिव्हॉल्वरमध्ये लगेच दुसऱ्यांदा चाप ओढणं फार वाईट, कारण सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो गोल भाग, फिरतो, ते काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं आणि तिथे पेटलं तर गोळीला जायला रस्ताच नाही. दुसरी गोष्ट, आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, झटका कमी वाटला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फाटू शकते.

आता ते काडतूस बाहेर काढा आणि उजेडात, जमलं तर भिंगाखाली, त्याचा प्रायमर बघा म्हणजे मागची मधली गोल टिकली. बाजूला नीट उडालेल्या काडतुसाचं एक रिकामं खोकं (पुंगळी) ठेवा. उडालेल्यावर पिनचा, म्हणजे प्रायमरला ठोकणाऱ्या टोकाचा, गोल, खोल खड्डा दिसेल. मिस झालेल्यावर पण तेवढाच खोल खड्डा असेल तर हत्यार बिचारं ठीक आहे, काडतूस खराब आहे, जुनं किंवा ओल लागलेलं किंवा प्रायमरमध्ये तेल गेलेलं. (लोक चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या काडतूस बसायच्या भोकात, तेल ओततात आणि त्याच्यातच काडतुसं भरून महिनोन् महिने ठेवतात, हे कृपा करून बंद करा.) खड्डा उथळ असेल, नुसतं नखाने दाबल्यासारखा, तर ठोकाच कमी पडतोय. आणि खड्डा मधोमध नसून एका कडेला असेल तर सिलिंडर नळीसमोर बरोबर थांबत नाहीये, मग पुढचा फायर नाही, थेट बंदुकीच्या मिस्त्रीकडे.

उथळ खड्ड्याची कारणं बरीच, पण माझ्या अनुभवात पहिला नंबर जुन्या तेलाचा. आमचंच सांगतो. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आचारसंहितेत हत्यार जमा केलं, परत आणून तसंच कपाटात ठेवलं आणि हिवाळ्यात रेंजवर नेलं तर सहातली दोन मिस. मिस्त्रीने माझ्यासमोर मुठीच्या पट्ट्या काढल्या तर आत घोड्याच्या मुळाशी आणि स्प्रिंगवर पिवळा, गुळाच्या पाकासारखा चिकट थर, सुईने ओढला की तार निघत होती! वडील वर्षानुवर्षं सरसोंचं तेल सोडायचे, ते सुकून गोंद झालेलं आणि थंडीत अजून घट्ट. घोडा पडत होता पण रेंगाळत. सगळं धुऊन गन ऑइलचा एकच थेंब दिला, स्प्रिंगला हात पण लावला नाही, आणि त्यानंतर एकही मिस नाही.

दुसरं म्हणजे सहातला नेमका एकच चेंबर दगा देतोय का ते बघा. मार्करने चेंबरला खूण करा. दर वेळी तोच असेल तर त्या चेंबरमध्ये किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी खोकी बाहेर ढकलणाऱ्या) चांदणीखाली काजळी बसलीय, काडतूस पूर्ण टेकत नाही, आणि पिनचा अर्धा जोर त्याला पुढे ढकलण्यातच जातो. असं असेल तर दुसऱ्या ठोक्याला तेच काडतूस बरेचदा उडतं. जुना टूथब्रश घ्या आणि चांदणीची खालची बाजू घासा, तिथे कोणी हात लावत नाही.

तिसरं, घोडा अंगठ्याने मागे ओढून फायर केला तर उडतं पण नुसता चाप ओढून मिस होतं, असं आहे का? नुसत्या चापाने घोडा थोडा कमी मागे जातो म्हणून ठोका आधीच हलका, त्यात स्प्रिंग थकलेली असेल तर तिथेच पहिल्यांदा कळतं. चाप मऊ व्हावा म्हणून कोणी स्प्रिंग घासली असेल तर नवीनच टाकायला लागेल. वेबली (जुनी ब्रिटिश बनावट) धाटणीच्या रिव्हॉल्वरमध्ये पिन घोड्यावरच असते, तिचं टोक झिजलंय, तुटलंय का ते पण बघा. शिवाय रिकामा सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलवा, खडखड जास्त असेल तर तो ठोक्यासरशी पुढे सरकतो आणि मार वाया जातो.

एक चूक इथे फार होते, .३२ पिस्तुलाचं काडतूस .३२ रिव्हॉल्वरमध्ये. त्याची मागची कड बारीक असते, सिलिंडरला नीट अडत नाही. डब्यावर रिव्हॉल्वर लिहिलंय हे वाचूनच भरा.

आतलं काम लायसन्सवाल्या दुकानातच करा, आणि जाताना मिस झालेलं काडतूस वेगळ्या डबीत ठेवून त्यांना दाखवा, तो खड्डा बघून त्यांचं अर्धं काम होतं. टेस्ट रेंजवरच, गच्चीवर नाही की लग्नात नाही, हर्ष फायरिंगला (आनंदात हवेत गोळ्या उडवायला) शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रेंजवर सहा गोळ्या घोडा ओढून आणि सहा नुसत्या चापाने सोडा, बाराच्या बारा उडाले आणि खड्डे सारखे दिसले की मगच ते घरी कपाटात जाऊ द्या.