गजकर्ण, ट्यूब आणि दवाखान्याची पाटी

कमरेवर गजकर्ण आलं. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज गेली आणि पंधरवड्यात चट्टे दुप्पट झाले. ट्यूबवर बारीक अक्षरांत 'क्लोबेटासॉल' होतं, म्हणजे स्टिरॉइड. गजकर्ण होतं बुरशीमुळे; त्या बुरशीला हे खतपाणीच!

मग घराजवळच्या 'स्किन अँड हेअर' क्लिनिकपर्यंत गेलो, पण आत शिरण्याआधी पाटी वाचली: बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी, पुढे कॉस्मेटॉलॉजीची फेलोशिप. काच चकचकीत, पण त्वचारोगाची एमडी नाही, तिच्या तोडीची डीएनबी नाही, डीव्हीडी-डीडीव्हीएल हे डिप्लोमेही नाहीत. तसाच परतलो.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दिली. तिच्यावर नोंदणी क्रमांक होता. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकला. नाव जुळलं, एमडीचीही नोंद दिसली. पाच मिनिटांचं काम. फोन घेताना मात्र मी आठवडाभर रिव्ह्यू वाचत बसतो.

डॉक्टरांनी चट्ट्याची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जुनी ट्यूब बंद, गोळ्या आणि बिनस्टिरॉइडचं मलम सुरू. "खाज थांबली तरी औषध थांबवायचं नाही," हे दोनदा बजावलं. सहा आठवड्यांनी चट्टे गेले; काळपट डाग अजून आहेत.