काळ्या पाषाणाच्या वाटेने: ओव्हेर्नमधील ज्वालामुखी आणि चर्च पायी कसे पाहावेत

पुण्यात वाढलेल्या माणसाला काळा पाषाण नवा नसतो. पाताळेश्वराचे लेणे, सिंहगडाचा कडा आणि जुन्या वाड्यांची जोती ही सारी एकाच बेसॉल्टची आहेत. म्हणूनच मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न प्रदेशात पायी फिरू इच्छिणाऱ्या पुणेकराला माझे पहिले सांगणे असे की, तेथील ज्वालामुखी आणि बाराव्या शतकातील रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या, शैलीची चर्च यांच्या दोन स्वतंत्र याद्या करू नयेत. आधी डोंगर चालावा आणि मग त्याच्या पायथ्याचे चर्च पाहावे, म्हणजे भिंतीतला दगड कुठून आला हे पायांना ठाऊक असते.

दोन्हीकडच्या भूमीतला फरक मात्र निघण्यापूर्वीच समजून घ्यावा. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, त्यामुळे येथे ज्वालामुखीचा शंकू शोधूनही सापडत नाही. क्लेरमाँ-फेराँ शहराच्या पश्चिमेला मात्र सुमारे ८० लहान ज्वालामुखी उत्तर-दक्षिण रांगेत उभे आहेत आणि २०१८ मध्ये ही रांग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. भूशास्त्राच्या हिशोबाने ते अगदी तरुण आहेत. रांगेतील प्वी द दोम हा सर्वांत उंच डोंगर जेमतेम ११,००० वर्षांचा आहे.

पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून क्लेरमाँ-फेराँला रेल्वेने सुमारे साडेतीन तास लागतात. पहिला दिवस शहरातच काढावा आणि तोही नोत्र-दाम-द्यु-पोर या चर्चसाठी राखावा. याचा दगड फिकट वालुकाश्म आहे, काळा लाव्हा मुख्यतः नक्षीत दिसतो. काळेभोर दिसणारे मोठे कॅथीड्रल हे १२४८ मध्ये सुरू झालेले गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींचे, बांधकाम असून त्याचा दगड जवळच्या व्हॉल्व्हिक गावचा आहे. नोत्र-दाममध्ये वेदीच्या मागून फिरणारा अर्धगोल मार्ग पाहताच आपल्या प्रदक्षिणापथाची आठवण होते. यात्रेकरूंना पवित्र अवशेषांभोवती फिरता यावे, अशीच ही योजना आहे. येथे घाई करू नये. खांबांच्या शीर्षांवर ‘रोबेर्तुसने मला घडवले’ असा कारागिराचा आणि ‘स्तेफानुसने मला घडवून घेतले’ असा दात्याचा लेख लॅटिनमध्ये कोरलेला आहे. आपल्याकडच्या दानलेखांत दात्याचे नाव नेहमी भेटते, पण शिल्पीचे क्वचितच. येथे दोघे एकाच छताखाली नांदतात, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी प्वी द दोम चढावा. उंची १,४६५ मीटर आहे. २०१२ पासून वर दातेरी रुळांची रेल्वे जाते, परंतु कॉल द सेसा खिंडीतून निघणारी खेचरवाल्यांची जुनी वाट सोडू नये. ती चढण चारशे मीटरच्या आत आहे. पायथ्यापासून सिंहगड सहज चढणाऱ्याला ती जड जाणार नाही. माथ्यावर रोमन काळातील मर्क्युरी देवतेच्या मंदिराचे अवशेष आहेत. हवेचा दाब उंचीबरोबर घटतो हे दाखवणारा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा प्रयोगही याच डोंगरावर १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्यांच्या मेहुण्याने करून दाखवला. माथ्यावरून उत्तरेला पारियूचे वाटोळे हिरवे विवर दिसते. पुढे तेथेही जावे, मात्र लाकडी पायऱ्या सोडू नयेत, कारण राखेची ती उतरण पावलांनी लवकर झिजते. वाटेतला लालसर, सच्छिद्र दगड हातात घेऊन पाहावा. तो इतका हलका असतो की बेसॉल्टची सवय असलेला हात क्षणभर फसतो. पाहून झाल्यावर तो जागच्या जागी ठेवावा.

पुढचे तीन-चार दिवस दक्षिणेकडे चालावे. ओर्सिव्हालचे चर्च दरीत, राखाडी ज्वालामुखीजन्य दगडात उभे आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुटका झालेल्या कैद्यांनी वाहिलेल्या बेड्या अजून लटकत आहेत. तेथून सेर्व्हियेर तलावावरून सँ-नेक्तेरला यावे. तेथील चर्चमधील १०३ स्तंभशीर्षे पाहायला किमान दोन तास हवेत आणि जवळ लहान दुर्बीण असल्यास उत्तम. त्यापुढे बेस गावाजवळचा पाव्हँ हा विवरात साठलेला तलाव ९२ मीटर खोल आहे.

वाटांवरच्या खुणा सोप्या आहेत: पांढरा आणि लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे स्थानिक फेरी आणि फुली म्हणजे चुकीची दिशा. तरीही १:२५,००० प्रमाणाचा छापील नकाशा सोबत असावाच. जूनचा मध्य किंवा सप्टेंबर हा काळ चांगला. दुपारी वादळाची चिन्हे दिसल्यास माथा सोडून खाली यावे. कुरणांतून जाताना उघडलेले फाटक मागे बंद करावे.

मुक्काम ‘जीत देताप’ या पदयात्रींच्या निवाऱ्यांत करावा आणि त्याचे आरक्षण आधीच करावे, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचे पुरावे आणि ३०,००० युरोंचा विमा लागतो. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जेवणाबाबत शाकाहारींनी आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगावे. बटाटा आणि ताज्या चीजच्या त्रुफाद या पदार्थात अनेकदा डुकराचे मांस घालतात, आणि सँ-नेक्तेर चीजसाठी प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरतात. खेड्यातली दुकाने दुपारी आणि बहुधा सोमवारी बंद असतात. एका सोमवारी मी बंद बेकरीसमोर उभा राहिलो आणि पुढचे चौदा किलोमीटर पुण्याहून नेलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीवर चाललो. तेव्हापासून एका दिवसाचा कोरडा खाऊ मी सॅकमध्ये नेहमी ठेवतो.

परतीच्या दिवशी क्लेरमाँहून रेल्वेने इस्वारला जावे, आणि तेही सकाळीच. तेथील चर्चचे दार पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन मागच्या अर्धगोल भिंतीवर पडते. त्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला बारा राशी कोरलेल्या आहेत. भिंतीलगत सावकाश चालत गेल्यास मेषेपासून मीनेपर्यंत त्या आपल्याला पंचांगातल्यासारख्याच ओळखता येतात.