आई विसरते आहे? डॉक्टरांकडे जाताना या चुका टाळा

माझी आई पंचवीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी चालवायची. हिशेब तोंडपाठ. एकदा तिची वही सहज उघडली, तर एकाच बाईचे पाचशे रुपये एकाच महिन्यात तीनदा जमा, तिन्ही वेळा वेगळ्या शाईत. विचारलं तशी आई चिडली आणि मी वही मिटून ठेवली. पुढे कळलं, भिशीतल्या बायका वर्षभर तिच्या चुका गुपचूप सावरून घेत होत्या. घरी बाबाही तेच करत होते. गॅस बंद आहे ना हे ते बघायचे, गोळ्या तेच काढून द्यायचे. सगळं मायेपोटीच, पण या सांभाळून घेण्यात आमची दीड वर्षं गेली.

‘वय झालंय’ म्हणून सोडून देणं

वयानुसार नावं पटकन आठवत नाहीत, चष्मा सापडत नाही. थोड्या वेळाने आठवतं, सापडतो. काळजी करायची ती हातचं काम सुटायला लागलं की. रोजच्या रस्त्यावर चुकणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणं, पैशांचा घोळ, स्वयंपाकात मधलीच पायरी गाळणं, कामवालीने बांगड्या चोरल्या असा संशय घेणं. भारतात साठी ओलांडलेल्या शंभर जणांपैकी साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळण्याचा मेंदूचा आजार, असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे जवळपास 88 लाख माणसं. पण उरलेल्या त्र्याण्णव जणांना तो नाही, हेही त्यातच आलं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून गप्प बसायला आधार नाही.

अचानक बिघडलं तरी वाट बघणं

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागला, गुंगीत राहायला लागला, तर त्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं किंवा एखादी नवी गोळी असू शकते. याला डिलिरियम म्हणतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. चेहरा वाकडा झाला, एका हातातलं बळ गेलं, तर तासाचाही उशीर नको. आजी महिन्यापूर्वी पडल्या होत्या का, हेही आठवून सांगा. डोक्याला मार लागल्यावर आत हळूहळू साचणारं रक्त कधी कधी काही आठवड्यांनी त्रास देतं.

डॉक्टरांसमोर उत्तरं आपण देणं

ही माझी चूक, आणि मला अजून लागते ती. डॉक्टरांनी आईला विचारलं, “आज वार कोणता?” आईने हसून माझ्याकडे मान वळवली. “हिलाच विचारा, सगळं हिच्या ध्यानात असतं.” मी लगेच म्हटलं, “आई, सांग ना, कालच उपास होता की नाही तुझा?” डॉक्टरांनी हाताने मला थांबवलं. उत्तरासाठी शेजारच्याकडे मान वळवणं हेसुद्धा त्यांच्या दृष्टीने एक लक्षण असतं. ते झाकायला मी निघाले होते.

शिवाय परक्यांसमोर माणूस दहा-पंधरा मिनिटं सावरून बोलतो. त्यामुळे घरचं चित्र डॉक्टरांपर्यंत कागदावर जाऊ दे. कधीपासून, आधी काय बिघडलं, कुठलं काम सुटलं, झोप, पडणं, भास. “खूप विसरते” असं मोघम नको. “मार्चमध्ये बँकेतून परत येताना रस्ता चुकली” असं लिहा. आईसमोर तिच्या तक्रारी वाचून तिचा पाणउतारा करू नका, कागद आधी आत द्या. चष्मा, कानाचं यंत्र आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. त्यात दुकानातून परस्पर आणलेली झोपेची आणि सर्दीची गोळीही आली. काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती मंदावते.

तपासणीत तीस गुणांची प्रश्नावली असते. शंभरातून सात वजा करत जा, चित्र काढा, शब्द लक्षात ठेवा. आई चौथी शिकलेली असेल तर ते आधीच सांगा आणि प्रश्न मराठीतून विचारायचा आग्रह धरा. नाहीतर शाळा कमी झाल्याचे गुण आजाराच्या नावावर कापले जातात.

एकाच रिपोर्टवर थांबणं

एमआरआय नॉर्मल आला म्हणून कुटुंबं निश्चिंत होतात. सुरुवातीच्या काळात तो नॉर्मल दिसू शकतो. उलटंही होतं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली आणि वर्षभर पुढे कुणी पाहिलंच नाही. बी-१२, थायरॉईड, नैराश्य, ऐकू कमी येणं यांनी विसरणं वाढतं आणि त्यांवर उपचार आहेत, म्हणून ते तपासायचंच. पण ते सुधारूनही घोळ राहिला तर परत जा. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवर ताबा नसणं ही जोडी दिसली, तर आवर्जून सांगा. मेंदूत पाणी साचण्याच्या एका प्रकारात शस्त्रक्रियेने फरक पडू शकतो.

न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, वृद्धांचे डॉक्टर, यांपैकी कुणाकडूनही सुरुवात होते. “वेड्यांच्या डॉक्टरकडे का?” असं विचारणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजा आणि अपॉइंटमेंट ठेवा. कुठे जावं सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर किंवा ज्येष्ठांसाठीच्या 14567 वर फोन करा.

“तुला विसरायला होतं, चल” म्हणणं

बऱ्याच जणांना आपल्यातला बदल खरोखर जाणवत नाही. तो हट्ट नसतो. “बीपी, शुगर, डोकं, सगळं एकदा दाखवून घेऊ, मीही माझं दाखवते” असं म्हटल्यावर आई निघाली. तिथे गेल्यावर मात्र आपण का आलो ते तिला सांगितलं. ती रडली नाही, मला वाटलं होतं तशी. म्हणाली, “मला वाटायचं, मलाच काहीतरी झालंय.”

कागदपत्रं पुढे ढकलणं

बँक, घर, मृत्युपत्र यांचं बोलणं आई स्वतः समजून ठरवू शकते तोवरच व्हायला हवं. मुखत्यारपत्र आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आपल्या कायद्यात देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं आणि मग कोर्टाची वाट धरावी लागते. आम्ही निदानानंतर पंधरा दिवसांत वकिलाला घरी बोलावलं. पाटल्या कुणाला द्यायच्या, हे आईने स्वतः सांगितलं.